वाचकांचे प्रश्न : लाटा, भरती आणि सर्फिंग

पावसाळा तोंडावर आला की लाटांविषयीची पत्रं वाढतात. यंदा त्यांत सर्फिंग शिकू पाहणाऱ्यांचीही बरीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. आकडेमोड मुद्दाम मांडून दाखवली आहे, म्हणजे समुद्राचा अंदाज वाचताना ती तुम्हालाही करता येईल.

प्रश्न : दर पावसाळ्यात बातमी येते, “आज दुपारी ४.८७ मीटर उंचीच्या लाटा उसळणार.” त्या वेळी गिरगाव चौपाटीवर जाऊन पाहिलं तर लाटा जेमतेम गुडघाभर. अंदाज चुकतो का? (मुंबई)

अंदाज बरोबर असतो, बातमीतला शब्द चुकतो. ४.८७ मीटर ही भरतीची उंची आहे, लाटेची नव्हे. हा घोळ इतकी वर्षं चालू आहे की एकदा नीट निस्तरायलाच हवा.

भरतीचा आकडा ‘चार्ट डेटम’ नावाच्या पातळीपासून मोजतात. मोठ्यात मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर खाली जातं, साधारण तिथे ही शून्याची खूण धरलेली असते. नकाशावर छापलेली खोली जहाजाला प्रत्यक्षात कमी पडू नये, म्हणून ही सोय. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी या खुणेच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८७ च्या भरतीला पाणी सरासरीपेक्षा साधारण २.४ मीटर वर चढतं. तेही एकदम उसळून नाही, सहा-सव्वासहा तास हळूहळू चढत. त्या दिवशी समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत असला तरी भरती तेवढीच येणार.

दोन्ही आकडे वेगळे ओळखायची एक सोपी खूण आहे. भरती चंद्र-सूर्याच्या स्थितीवर ठरते, त्यामुळे तिचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं. लाटा वाऱ्याने होतात, त्यांचा भरवशाचा अंदाज काही दिवसांपुरताच देता येतो. जूनमध्येच सप्टेंबरपर्यंतच्या तारखा छापून आल्या असतील, तर ते आकडे भरतीचेच.

महापालिका ४.५ मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते, त्याचं कारण लाटा नाहीत, नाले आहेत. शहराचं पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या नाल्यांची तोंडं एवढ्या भरतीला पाण्याखाली जातात. त्याच दोन-तीन तासांत जोराचा पाऊस कोसळला तर पाण्याला जायला वाट उरत नाही आणि सखल भागात ते तुंबतं. तेव्हा भरतीच्या वेळेबरोबर पावसाचा अंदाजही पाहा. नुसत्या ४.८७ ने काही बिघडत नाही.

लाटांचा आकडा हवा असेल तर हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, रोज अंदाज देतं. त्यातली ‘सिग्निफिकंट वेव्ह हाइट’ म्हणजे सगळ्यांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची सरासरी. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज बांधताना हाराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मुंक या समुद्रशास्त्रज्ञांनी रूढ केली. सवयीच्या दर्यावर्दीने नजरेने सांगितलेली उंची बहुधा याच्या आसपास येते. पण एखादी लाट या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघू शकते. अंदाज ३ मीटरचा आणि आली ६ मीटरची, यात अंदाज चुकला असं होत नाही. तसं होणार हे त्या आकड्यातच धरलेलं असतं.

जुलैत कोकणापुढच्या खुल्या समुद्रात ३ ते ४ मीटर नेहमीचे. गिरगाव चौपाटी मात्र बॅक बेच्या कुशीत, उथळ पाण्यात आहे, म्हणून तिथे पोचेपर्यंत लाट गुडघ्यावर येते. मरीन ड्राइव्हला पाणी वीस-पंचवीस फूट उडतं ते भिंतीवर आणि टेट्रापॉडवर, म्हणजे काठाला रचलेल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, आदळून. तो उडालेला फवारा आहे, ती लाटेची उंची धरू नका.

प्रश्न : नारळी पौर्णिमेला होडीतून सोडलेला नारळ बराच वेळ तिथल्या तिथेच हेलकावतो. काठावरून टाकलेला मात्र परत पायाशी येतो. असं का? (हर्णै)

खोल पाण्यात लाट पुढे जाते, पाणी जात नाही. लाटेचा माथा आला की नारळ वर उचलला जाऊन थोडा पुढे सरकतो, माथा गेला की खाली येत मागे येतो. एका लाटेत त्याचं एक वर्तुळ पुरं होतं. जाता जाता अगदी थोडा पुढे सरकतो, तेवढंच. ही वर्तुळं खाली लहान लहान होत जातात आणि दोन माथ्यांमधल्या अंतराच्या निम्म्या खोलीवर जवळपास संपतात. १०० मीटर लांबीच्या लाटेखाली ५० मीटरवर गेलेल्या पाणबुड्याला वर लाट आहे हे जाणवणारही नाही.

पाणी त्या निम्म्या अंतरापेक्षा उथळ झालं की लाटेला तळ लागू लागतो. ती मंदावते, मागच्या लाटा पुढच्यांना गाठू लागतात, म्हणून आखूड आणि उंच होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की माथा तोल जाऊन पुढे कोसळतो. इथून पुढे मात्र पाणी खरोखरच काठाकडे धावतं. काठावरून टाकलेला नारळ या पट्ट्यात पडतो, म्हणून परत येतो. हाच हिशेब उलटा करून खोली ओळखता येते : एक मीटरची लाट जिथे फुटते, तिथे पाणी सुमारे सव्वा मीटर असतं.

प्रश्न : एप्रिलच्या अखेरीस वारा पडलेला, आभाळ स्वच्छ, तरी पाणी वर ओढून ठेवलेल्या होड्यांपर्यंत आलं. उधाणही नव्हतं. हे कुठून आलं? (गुहागर)

बहुधा दक्षिण महासागरातून, आणि निघून आठवडा झालेला असणार. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. नाव अगदी चपखल आहे : वादळ नाही, वारा नाही, पाणी गुपचूप घरात. इन्कॉइस याच नावाने इशारे देतं आणि ते कोकण-गोव्यासाठीही असतात.

हे समजायचं तर अंदाजातल्या मीटरांपेक्षा सेकंदांकडे पाहा. एक माथा गेल्यावर दुसरा यायला लागणारे सेकंद. खोल समुद्रात या सेकंदांना १.५६ ने गुणलं की लाटेचा वेग मीटर प्रति सेकंदात मिळतो, आणि सेकंदांच्या वर्गाला १.५६ ने गुणलं की लाटेची लांबी मीटरमध्ये. १८ सेकंदांची लाट सेकंदाला २८ मीटर धावते आणि तिची लांबी ५०० मीटर भरते. स्थानिक वाऱ्याची ५ सेकंदांची लाट जेमतेम ३९ मीटर लांब असते. मात्र लाटांचा अख्खा ताफा एकेकट्या माथ्याच्या निम्म्या वेगाने सरकतो. मागच्या बाजूने नवे माथे उगवतात, ताफ्यातून पुढे धावतात आणि तोंडाशी जाऊन विरतात. प्रवासाचा हिशेब म्हणून निम्म्या वेगाने करायचा.

४५ अंश दक्षिणेला वादळ झालं, तर तिथून गुहागर सुमारे ६,९०० किलोमीटर. १८ सेकंदांच्या लाटांचा ताफा दिवसाला १,२०० किलोमीटर कापतो, म्हणजे पावणेसहा दिवसांत दारात. १२ सेकंदांचा ताफा ८०० किलोमीटर कापतो, त्याला साडेआठ दिवस लागतात. त्यामुळे लांब लाटा आधी येतात, मग दिवसागणिक सेकंद कमी होत जातात. हे घड्याळ लावून किनाऱ्यावर बसूनही टिपता येतं : अकरा माथे मोजा, लागलेल्या सेकंदांना १० ने भागा. आज १८, परवा १५ आलं, तर लाटा दूरच्या एकाच वादळातून येत आहेत.

एवढा प्रवास करून त्या विरत कशा नाहीत, हा स्वाभाविक प्रश्न. मुंक यांच्याच चमूने १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागर ओलांडून मोजणीची ठाणी मांडली होती. दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा विषुववृत्त ओलांडून पार अलास्काच्या किनाऱ्यावर ओळखू आल्या. वादळाच्या पट्ट्यातून एकदा बाहेर पडल्या की या लांब लाटांची शक्ती फारच थोडी घटते.

काठावर त्रास होण्याचं कारण त्यांच्या लांबीत आहे. समुद्रात त्या अर्धा-एक मीटर उंचीच्या, होडीतून दिसायच्याही नाहीत. पण प्रत्येक माथ्यात ५०० मीटर लांबीचं पाणी आहे, ते पुळणीवर चढायला लागलं की बराच वेळ चढतच राहतं. इशारा असेल त्या दिवशी होड्या नेहमीच्या भरतीच्या खुणेवरून आणखी वर ओढा, आणि एकमेकींना आपटू नयेत एवढं अंतर सोडून बांधा. भरतीच्या दीड-दोन तास आधीपासून नंतरपर्यंत लक्ष ठेवा.

प्रश्न : सातवी लाट सगळ्यांत मोठी असते, हे खरं का? (वेंगुर्ले)

सातचा नेम नाही, पण मोठ्या लाटा टोळीने येतात हे खरं. दोन ताफे थोड्या वेगळ्या सेकंदांचे असले की त्यांचे माथे कधी एकावर एक पडतात, कधी एकाचा माथा दुसऱ्याच्या खळग्यात जातो. समजा एक १४ सेकंदांचा, दुसरा १५ चा. त्यांची गाठ दर २१० सेकंदांनी पडेल, म्हणजे साडेतीन मिनिटांनी चार-पाच थोर लाटा आणि मधे शांतता. प्रत्यक्षात दोनच नाही, अनेक ताफे मिसळलेले असतात, त्यामुळे हा काळ कमी-जास्त होतो. अनोळखी पुळणीवर किंवा खडकावर उतरण्याआधी निदान वीस मिनिटं बघत थांबा. पाच मिनिटं पाहून उतरलेला माणूस नेमका शांत वेळेत उतरतो आणि टोळी त्याला पाण्यात गाठते.

प्रश्न : पोर्तुगालच्या नाझारेला आठ-नऊ मजली लाटांवर सर्फिंग करतात. एवढ्या लाटा तिथेच का? कोकणात का नाहीत? (पुणे)

तिथे समुद्राच्या तळाला एक प्रचंड घळ आहे. सुमारे ५,००० मीटर खोलीपासून सुरू होऊन ती थेट गावाजवळच्या भूशिरापर्यंत येते. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या वादळांच्या लाटा येतात, तेव्हा घळीवरचा भाग खोल पाण्यात असल्याने वेगातच राहतो आणि शेजारच्या उथळ तळावरचा भाग मंदावतो. एकाच लाटेचे दोन तुकडे पडतात. घळीवरचा तुकडा वळून उत्तरेकडच्या प्राया दो नोर्ते या पुळणीकडे येतो आणि दुसऱ्या तुकड्याला तिरका जाऊन भिडतो. भिडतात तिथे उंची वाढते. त्यात किनाऱ्यालगत वाहत येऊन बाहेर पडणारा प्रवाह लाटेला सामोरा येतो आणि तिला आणखी उभी करतो. लाट पुळणीच्या या टोकाला राक्षसी असते, तेव्हा भूशिरापलीकडे गावच्या चौपाटीवर ती कितीतरी लहान असते. घळीचं तोंड मधे आहे ना.

२०११ मध्ये गॅरेट मॅकनमारा यांच्या २३.८ मीटरच्या लाटेने नाझारे जगाला माहीत झालं. जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉइडनर यांची २९ ऑक्टोबर २०२० ची लाट २६.२१ मीटर ठरली. ब्राझीलच्या माया गबेरा यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत २२.४ मीटरची लाट पेलली. ही मापं फोटोतल्या ओळखीच्या लांबीशी ताडून काढतात आणि लाटेच्या समोरच्या चढाची असतात. हवाईतले जुने सर्फर लाट मागच्या बाजूने मोजायचे, त्यांच्या मापात समोरची १२ फूट लाट ६ फूट भरते. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना हे ध्यानात असू द्या.

या लाटा पकडायला जेट स्की का लागते? एक मीटरची लाट फुटते तेव्हा तिचा वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास असतो. हाताने वल्हवून माणूस ताशी सहा-सात गाठतो, बाकीचं काम लाटेचा उतार करतो. नाझारेची लाट तीसेक मीटर पाण्यात फुटते, तिथे वेग ताशी ६० च्या घरात जातो. तेवढा वेग हाताने गाठणं अशक्य, म्हणून दोरीने ओढून लाटेवर सोडतात. आणि एकदा उतारावर आल्यावर सर्फरला लाट ढकलत नाही. तो सतत उतारावरून घसरत असतो, आणि लाट त्याच्या पायाखाली नवा उतार उभा करत राहते.

कोकणाचा तळ नेमका उलटा आहे. मुंबईपुढे उथळ तळ जवळजवळ ३०० किलोमीटर पसरलेला आहे. लांब लाटेला इतक्या दुरून तळ लागतो आणि घासत घासत तिची शक्ती वाटेतच मुरते. दक्षिणेला हा पट्टा अरुंद होत जातो. कर्नाटक-केरळात सर्फिंग जास्त रुजलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रश्न : वय ३०, वजन ६८ किलो, पोहता येतं. सर्फिंग शिकायचं आहे. कुठे, कधी, कोणता बोर्ड? (नाशिक)

कर्नाटकात मुल्की, तमिळनाडूत कोवळम आणि महाबलीपुरम, केरळात वर्कला, आणि जवळ हवं तर उत्तर गोव्यात आश्वे-हरमल. पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे हा शिकण्याचा काळ. जून ते सप्टेंबर शिकाऊ माणसाने या पाण्यात उतरू नये. शिकायला अर्धा ते एक मीटरची लाट पुरते.

बोर्ड फोमचा, मऊ पाठीचा, ८ ते साडेआठ फुटी, ८० लिटरच्या आसपास घ्या. लिटरचा अर्थ साधा आहे : ८० लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तर ८० किलो वजन तोलतो. तुमचे ६८ आणि बोर्डाचे सहा-सात मिळून ७५, म्हणजे तुम्ही वर राहता आणि वल्हवणं सोपं जातं. व्हिडिओत दिसतो तो ३० लिटरचा टोकदार बोर्ड घेतलात तर छातीपर्यंत बुडालेलेच राहाल आणि लाट खालून निघून जाईल. हौसेने महाग, छोटा बोर्ड घेऊन महिनाभरात कंटाळणारे फार. पहिले दहा-बारा दिवस बोर्ड भाड्यानेच घ्या.

बोर्डाची दोरी, म्हणजे लीश, मागच्या पायाच्या घोट्याला बांधा आणि दोरी बाहेरच्या बाजूला येऊ द्या. मागचा पाय कोणता? कुणालातरी पाठीवर हलकेच ढकलायला सांगा, तोल सावरायला जो पाय पुढे पडतो तो पुढचा. अंगाला खोबरेल किंवा तेलकट सनस्क्रीन लावलं की बोर्डावरून पोट घसरतं. सनस्क्रीन फक्त तोंडाला लावा, अंगात पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट सदरा, घाला.

पहिले दिवस कमरेएवढ्या पाण्यात, फुटून फेसाळत येणाऱ्या लाटेवर काढा. बोर्डावर असं झोपा की त्याचं टोक पाण्याच्या चार-पाच बोटं वर राहील. लाट चार-पाच मीटरवर आली की वल्हवायला लागा. बोर्डाची शेपूट उचलली गेल्याचं जाणवलं की थांबायचं नाही, आणखी दोन-तीन हात मारायचे. बहुतेकांची लाट इथेच सुटते. मग तळहात छातीशेजारी बोर्डावर सपाट टेका (कडा पकडू नका, बोर्ड कलंडतो), छाती उचला आणि एका दमात दोन्ही पाय खाली घ्या. पाय खांद्याएवढे फाकलेले, मधल्या रेषेवर, गुडघे वाकलेले, नजर किनाऱ्यावर. पायाकडे पाहिलंत की त्याच बाजूला पडणार.

टोक पाण्यात घुसून डोक्यावर पडत असाल तर तुम्ही फार पुढे झोपलेले आहात. दोन बोटं मागे सरका. लाट खालून निघून जात असेल, तर फार मागे. गुडघ्यावर थांबून मग उभं राहायची सवय लावून घेऊ नका, नंतर ती सुटता सुटत नाही. खोलीत जमिनीवर रोज वीस वेळा उठण्याचा सराव करा, त्याचा फायदा तिसऱ्याच दिवशी दिसतो.

पडताना सूर मारायचा नाही, पाठीवर किंवा कुशीवर पसरून पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरा, कारण लीशला ताण बसून बोर्ड उलटा झेपावतो. लाट आणि तुम्ही यांच्यामध्ये बोर्ड कधीही आडवा धरू नका. आणि लाट जिथे फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या वाटेत उतरायचं नाही.

पुढे स्वतःचा बोर्ड घेतलात तर उन्हात बंद गाडीत ठेवू नका, आतली हवा फुगून वरचा थर सुटतो. फुटला तर आतला फोम कोणता ते आधी विचारा. थर्मोकोलच्या जातीच्या फोमवर पॉलिएस्टर रेझिन ओतलं की फोम विरघळून खड्डा पडतो, तिथे इपॉक्सीच लागतं.

प्रश्न : चांगलं पोहता येणारी माणसंही किनाऱ्याजवळ कशी बुडतात? (सातारा)

पट्टीचे पोहणारे ओढीशी झुंजतात आणि थकतात. फुटलेल्या लाटांनी काठाकडे ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात जिथे खोलगट फट असते तिथून ते एका पट्ट्यात बाहेर धावतं. हाच रिप करंट. वेग सहसा सेकंदाला अर्धा ते एक मीटर, कधीकधी दोनच्याही वर. ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर पोहणारे सेकंदाला १.७ मीटरच्या आसपास जातात. तिथे सहलीला आलेल्या माणसाचा काय पाड?

फसगत होते ती दिसण्यामुळे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात पाणी सपाट, गडद, शांत. मुलांना घेऊन लोक नेमके तिथे उतरतात. उंचावरून पाहा : फेस किंवा पालापाचोळा समुद्राकडे जाताना दिसला, तर ती जागा सोडा. ओहोटी सुरू असताना ओढ बहुधा वाढते.

अडकलात तर काठाकडे तोंड करून हात मारू नका. रिप माणसाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेतो, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे सहसा ढिला पडतो. पाठीवर तरंगा, श्वास सावरा, एक हात वर करून हाक मारा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर वीस-तीस मीटर पोहा आणि जिथे लाटा फुटताना दिसतात तिथून, फेसाबरोबर परत या.

काठावरच्यांसाठी : मागोमाग पाण्यात उडी घेऊ नका, अशाने एकाचे तीन जातात. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, थर्मोकोलची पेटी, गाडीतली ट्यूब, तरंगेल ते फेका. जीवरक्षकाला बोलवा, ११२ लावा, आणि एकाने माणसावरची नजर अजिबात हलवू नये. लाटांत डोकं एकदा नजरेआड झालं की पुन्हा सापडत नाही.

प्रश्न : नदीतही सर्फिंग होतं का? (नांदेड)

होतं. नदीचं मुख नरसाळ्यासारखं निमुळतं आणि उथळ असेल, आणि भरती मोठी असेल, तर चढणारं पाणी भिंतीसारखं उभं राहून नदीत उलटं घुसतं. इंग्लंडची सेव्हर्न, ॲमेझॉन, चीनची छिआनथांग या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. सुमात्रातल्या कांपार नदीत या लाटेला ‘बोनो’ म्हणतात. २०१६ साली तिच्यावर एका ऑस्ट्रेलियन सर्फरने सलग १७.२ किलोमीटर काटले. समुद्राची लाट फुटून संपते, ही मात्र भरती ढकलते आहे तोवर चालत राहते.

आपल्या शेजारी खंबातचं आखात अशाच आकाराचं आहे. गोव्यात भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटर, मुंबईत मोठ्या उधाणाला पाचाच्या आसपास, आणि भावनगरला दहाच्या वर. सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्यावर्दीने भडोचला येणाऱ्या जहाजांना नर्मदेच्या मुखातल्या या उसळत्या पाण्याविषयी सावध केलं होतं. राजाने नेमलेले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सामोरे यायचे आणि जहाजं भरतीबरोबर ओढत, ओहोटीला ठरावीक ठिकाणी नांगरत आत न्यायचे, असंही त्याने लिहून ठेवलं आहे.